विश्लेषण : घरातला छोटा समुद्र, मासे किती, हे पाणीच ठरवते

दोन फुटी काचेची टाकी, निळसर दिवा आणि त्यात फिरणारे केशरी-पांढरे क्लाउनफिश. मोबाइलवरच्या व्हिडिओत हे सगळे एका दिवसात जमते. खडकवासल्याचे गोडे पाणी पिणाऱ्या शनिवार पेठेतल्या घरातही ते जमू शकते, पण एका दिवसात नाही. शिवाय दुकानात दिसणारे सहा-सात रंगीत मासे एकत्र घेऊन तर नाहीच. खाऱ्या पाण्याची टाकी घेणारे बहुतेक जण दोन प्रश्न वेगवेगळे विचारतात : मासे कोणते घ्यायचे आणि पाणी स्वच्छ कसे ठेवायचे? प्रत्यक्षात हा एकच प्रश्न आहे. तो टाकी घेण्याआधी सोडवला नाही, तर त्याची किंमत माशांना मोजावी लागते.

छोटी टाकी सोपी का नसते?

जागा कमी म्हणून टाकी छोटी, आणि छोटी म्हणून सोपी, असा समज असतो. गणित उलटे आहे. दोन फूट लांबीच्या साधारण टाकीत दगड आणि वाळू धरून सुमारे ६० लिटर पाणी मावते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे या टाकीत २,१०० ग्रॅम. पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. उन्हाळ्यात रोज एक लिटर पाणी उडून गेले, तर चौथ्या दिवशी ५६ लिटर पाण्यात तेवढेच २,१०० ग्रॅम क्षार उरतात आणि क्षारता ३७.५ वर पोहोचते. ६०० लिटरच्या टाकीतून तेवढेच चार लिटर पाणी उडाले, तर क्षारता जेमतेम ३५.२ होते. म्हणजे मोठी टाकी चूक पोटात घालते, छोटी घालत नाही.

यातूनच पहिला नियम निघतो. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी रोज साधे शुद्ध पाणी घालायचे, खारे नाही. खारे पाणी घातले तर क्षारता दर आठवड्याला चढत जाते आणि माशांची भूक मंदावेपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

वजनाचाही विचार हवा. पाणी, दगड, वाळू, काच आणि स्टँड मिळून ही टाकी शंभर किलोच्या आसपास जाते. नव्या इमारतीत अडचण नाही, पण जुन्या वाड्याच्या माडीवर, लाकडी तक्तपोशीवर, ती भिंतीलगत आणि तुळईच्या जवळच ठेवावी.

पुण्याचे नळाचे पाणी चालते का?

पिण्यासाठी चालते, या टाकीसाठी नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. इमारतीत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी मिसळत असेल, तर त्यातले क्षार महिन्यागणिक बदलतात. नायट्रेट आणि फॉस्फेट आधीच असतील, तर टाकी शेवाळाने भरते. म्हणून आरओचे पाणी घ्यावे लागते. तिथेही एक मेख आहे. घरगुती आरओ यंत्रात चवीसाठी थोडे कच्चे पाणी पुन्हा मिसळलेले असते किंवा खनिजांची नळी बसवलेली असते. टीडीएस मीटर शून्याच्या जवळ येत नसेल, तर ते पाणी या कामाचे नाही. वाया जाणारे आरओचे पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरता येते. ज्या शहरात उन्हाळ्यात पाणीकपातीची चर्चा होते, तिथे एवढी शिस्त हवीच.

मीठही साधे चालत नाही. खाण्याच्या मिठात जवळजवळ फक्त सोडियम क्लोराइड असते. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असे बरेच काही असते. त्यासाठी मत्स्यालयाचे तयार समुद्री मीठ मिळते. ते बादलीत आरओच्या पाण्यात घालून, छोटा पंप चालू ठेवून, दिवसभर मिसळू द्यावे. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने मोजावी. अलिबागहून किंवा मुंबईहून कॅनमध्ये समुद्राचे पाणी आणण्याचा मोह टाळावा. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी, गाळ आणि तेल असू शकते, आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्यामुळे त्याची क्षारता घसरते.

मासे आणण्याआधी सहा आठवडे कशासाठी?

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. टाकीतल्या दगडांवर आणि वाळूत वाढणारे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ही जीवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी दिसायला स्वच्छ, पण आत विषारी असू शकते. समुद्री टाकीत हा धोका जास्त असतो, कारण तिथला पीएच, म्हणजे सामू, ८.१ ते ८.४ असतो. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्याच्या तुलनेत या पातळीवर अमोनियाचा विषारी हिस्सा दहा पटींहून अधिक असतो.

या काळात टाकीत मासा असण्याची गरज नाही. चिमूटभर माशांचे खाद्य किंवा मोजून घातलेला अमोनिया जीवाणूंना पुरतो. ‘आधी एक-दोन स्वस्त डॅमसेल सोडा, टाकी तयार होईल’ हा सल्ला अजूनही दिला जातो. तो दोन अर्थांनी चुकीचा आहे. त्या माशांचे कल्ले भाजतात, आणि त्यातून जे वाचतात ते टाकीवर हक्क सांगून नंतर आलेल्या माशांना हुसकावतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट थोडे, असे चाचणी संचाने सलग काही दिवस दाखवले की मगच मासा आणावा.

किती मासे? बेरीज-वजाबाकी काय सांगते?

नायट्रेट छोट्या टाकीत आपोआप फारसे जात नाही. ते मुख्यतः पाणी बदलूनच काढावे लागते. दर आठवड्याला १० टक्के, म्हणजे सहा लिटर पाणी बदलले, असे धरू. माशांच्या खाद्यातून आठवड्याला २ पीपीएम नायट्रेट वाढत असेल, तर पातळी कालांतराने २० पीपीएमच्या आसपास थांबते, कारण २० चा १० टक्के म्हणजे २. जेवढे येते तेवढे जाते. मासे वाढवले आणि आठवड्याची वाढ ५ पीपीएम झाली, तर तीच टाकी ५० वर जाऊन थांबते. ती २० वर आणायची, तर दर आठवड्याला २५ टक्के, म्हणजे १५ लिटर पाणी बदलावे लागेल. तेवढे आरओचे पाणी, तेवढे मीठ आणि तेवढा वेळ, दर रविवारी, वर्षभर.

प्रत्येक नवा मासा म्हणजे रविवारचे वाढलेले काम. ते काम बहुतेक घरांत तिसऱ्या महिन्यात थकते. म्हणून ६० लिटरला दोन, फार तर तीन लहान मासे ही मर्यादा प्रामाणिक आहे. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायूही सुमारे पाचव्या हिश्शाने कमी विरघळतो, हेही विसरू नये.

कोणते घ्यावेत, कोणते टाळावेत?

सुरुवातीला ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी सर्वांत योग्य. हा मासा आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंतच वाढतो, तयार खाद्य खातो आणि त्याला समुद्रफूल लागत नाही. उलट, समुद्रफूल छोट्या नव्या टाकीत फारसे टिकत नाही आणि सरकत जाऊन पंपात अडकते. क्लाउनफिश जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा मासा मादी होतो. म्हणून एक थोडा मोठा आणि एक लहान घ्यावा, तीन घेऊ नयेत. तिसरा हवाच असेल तर फायरफिश किंवा वॉचमन गोबी. फायरफिश उडी मारतो, तेव्हा टाकीला जाळीचे झाकण हवे. सोबत दोन-तीन हर्मिट खेकडे आणि एखादी क्लीनर कोळंबी पुरे.

टाळायच्या यादीत पहिला मासा ब्ल्यू टँग. ‘फाइंडिंग डोरी’ २०१६ मध्ये आला आणि हा निळा मासा घरोघरच्या मुलांना ओळखीचा झाला. दुकानात तो तीन इंचांचा दिसतो, पूर्ण वाढीत फूटभर होतो. मँडरिन मासा जिवंत सूक्ष्म जीव खाऊन जगतो. छोट्या टाकीत ते संपतात आणि मासा भरल्या टाकीत उपाशी मरतो. बटरफ्लायफिश, मूरिश आयडॉल, लायनफिश हेही या टाकीचे मासे नव्हेत.

मासा आला कुठून?

हा प्रश्न दुकानात क्वचित विचारला जातो. गोड्या पाण्यातले बरेचसे शोभेचे मासे प्रजनन केंद्रांत वाढवलेले असतात. समुद्री माशांपैकी अनेक अजूनही प्रवाळ खडकांतून पकडलेले असतात. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात मासे गुंगवण्यासाठी सायनाइड वापरल्याचा इतिहास आहे. त्यात प्रवाळही मरते. क्लाउनफिशबाबत मात्र सबब उरलेली नाही. त्याचे प्रजनन केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने यशस्वी केले आहे. महाराष्ट्रात मॅन्ग्रोव्ह फाउंडेशननेही ऐरोलीत त्याची हॅचरी उभारली आहे. हॅचरीतला मासा काचेला आणि कोरड्या खाद्याला सरावलेला असतो आणि जास्त टिकतो. ‘हॅचरीतला आहे का’ याला दुकानदाराकडे स्पष्ट उत्तर नसेल, तर तो मासा घेऊ नये.

प्रवाळ, समुद्रघोडे यांचे काय?

२००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी प्रवाळे आणि समुद्रघोडे यांचा समावेश झाला. तारकर्लीला स्कूबा करून आलेल्या पुणेकराने मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा आणून टाकीत ठेवणे ही हौस नाही, गुन्हा आहे. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. टाकीसाठी सिरॅमिकचे किंवा कोरडे सच्छिद्र दगड मिळतात आणि जीवाणूंना तेवढे पुरते.

२०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालय दुकानांसाठी नियम आणले होते. त्यात क्लाउनफिशसह अनेक माशांवर बंदी होती. व्यावसायिकांच्या विरोधानंतर ते मागे घेतले गेले. सरसकट बंदी टिकणार नव्हतीच, कारण हॅचरीतला आणि खडकातून ओरबाडलेला मासा तिने एकाच तराजूत तोलला. पण बंदी गेली म्हणजे नियमनाची गरज गेली असे नाही. मासा कुठला, पूर्ण वाढीत केवढा होतो आणि त्याला किमान किती लिटर पाणी लागते, या तीन ओळी प्रत्येक दुकानातल्या टाकीवर लिहिणे बंधनकारक करायला फार मोठा कायदा लागत नाही.

उन्हाळा, गुरुवार आणि गणपती : अडचण कुठे येते?

या माशांना २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा ४० च्या आसपास जातो, तेव्हा बंद खोलीतली टाकी सहज ३१-३२ वर पोहोचते. पाण्यावर छोटा पंखा सोडला तर पुण्याच्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात, पण बाष्पीभवन वाढते आणि रोजची भर दुप्पट घालावी लागते. हिवाळ्यातल्या रात्रींसाठी हीटर हवा. देखभालीसाठी वीज आणि पाणी बऱ्याचदा गुरुवारी बंद असते. बॅटरीवरचा एअर पंप आणि आरओच्या पाण्याचा भरलेला कॅन बुधवारीच तयार असावा. डासांचा स्प्रे टाकीच्या खोलीत मारू नये. त्यातली पायरेथ्रॉइड वर्गातली रसायने मासे आणि कोळंबीसाठी घातक असतात.

खरी परीक्षा सुटीत होते. गणपतीला घर आठ दिवस कोकणात गेले, तर मासे थोड्या खाद्यावर राहतील, पण पाण्याची भर कोण घालणार? आपोआप भर घालणारे यंत्र किंवा विश्वासू शेजारी, यापैकी एक आधी ठरलेले हवे. शेजाऱ्यांकडे खाद्याची आख्खी डबी न देता रोजची मोजलेली पुडी द्यावी.

मग टाकी ठेवावी का?

ठेवावी, पण क्रम बदलून. आज दुकानात टाकी आणि मासे एकाच पिशवीत विकले जातात. आधी पाणी, मग सहा आठवडे थांबणे, मग दोन मासे, हा क्रम ग्राहकानेच पाळायचा आहे. क्लाउनफिश चांगल्या पाण्यात दहा वर्षांहून अधिक जगतो. पाचवीतल्या मुलासाठी आणलेला मासा तो मुलगा कॉलेजात जाईपर्यंत घरात असू शकतो. एवढी वर्षे दर रविवारी सहा लिटर पाणी बदलायची तयारी असेल, तर ६० लिटरचा समुद्र शनिवार पेठेत नीट नांदेल. नसेल, तर ती रिकामी टाकी दुकानातच राहिलेली बरी.