'पर्यंत'चे इंग्रजी आणि आपला व्यवहार

काही वर्षांपूर्वी रमजान ईदच्या हंगामासाठी आम्ही बाहेरगावच्या एका पेढीला कापडाची ऑर्डर पाठविली. त्या पेढीचा कारभार इंग्रजीत, म्हणून आम्हीही पत्र इंग्रजीतच लिहिले. माल १५ तारखेपर्यंत सास्तूरला मिळावा, असे आम्हाला म्हणायचे होते. शिक्षण उर्दू माध्यमातले. 'पर्यंत' म्हणजे 'तक' आणि 'तक' म्हणजे 'टिल', एवढाच आमचा हिशेब. लिहिले, 'सेंड द गुड्स टिल फिफ्टीन्थ'. पेढीने अर्थ घेतला की १५ तारखेपर्यंत माल थोडा थोडा पाठवत राहायचा. शेवटच्या दोन गाठी तिथून १५ तारखेलाच निघाल्या. उमरग्याला उतरून टेम्पोने सास्तूरला येईपर्यंत चाँदरात होऊन गेली होती. तो माल लग्नसराईपर्यंत दुकानात पडून राहिला आणि आमची रक्कम त्यात अडकली.

दोष पेढीचा नव्हता. 'टिल'च्या जागी 'बाय' हवे होते. एखादे काम अमुक तारखेपर्यंत चालू राहणार असेल तर 'टिल'. आणि अमुक तारखेला किंवा तिच्या आत पुरे व्हायचे असेल तर 'बाय'. आपल्या मराठीत दोन्हींसाठी 'पर्यंत' चालते, उर्दूतही 'तक' चालते. म्हणून आपल्याला ही चूक दिसतच नाही.

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना इंग्रजी येत नाही असे नाही. बिल, रेट, डिलिव्हरी, पेमेंट, डिस्काउंट हे शब्द आपण रोज वापरतो. मोठे शब्द येतात, अडते ते टू, बाय, फॉर, फ्रॉम, ऑफ या लहान शब्दांपाशी. उर्दूच्या व्याकरणात यांना 'हुरूफे जार' म्हणतात; मराठीत हेच काम विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात. अडचण अशी की उर्दूचा एकटा 'से' इंग्रजीत कुठे फ्रॉम होतो, कुठे बाय, कुठे विथ, तर कुठे सिन्स. कोणता कुठे, हे नियमाने सांगता येत नाही. ते क्रियापदावर अवलंबून असते.

'पे' हा रोजचा शब्द घ्या. ज्याला पैसे द्यायचे तो 'पे टू'. ज्या मालाचे द्यायचे तो 'पे फॉर'. चेकने द्यायचे तर 'पे बाय', रोख द्यायचे तर 'पे इन कॅश'. तसेच 'डील इन' म्हणजे त्या मालाचा धंदा करणे आणि 'डील विथ' म्हणजे त्या माणसाशी व्यवहार करणे. 'ऑर्डर' हे क्रियापद असेल तर पुढे काहीच लागत नाही, 'वुई ऑर्डर्ड फिफ्टी पीसेस'. पण तेच नाम झाले की 'ॲन ऑर्डर फॉर फिफ्टी पीसेस'. 'रिप्लाय'ला 'टू' लागतो, 'आन्सर'ला लागत नाही.

यातल्या काही चुकांवर लोक फक्त हसतात. काही चुका मात्र खिशाला लागतात. 'इन्क्रीज्ड बाय ट्वेल्व्ह रुपीज' म्हणजे भाव १२ रुपयांनी वाढला. 'इन्क्रीज्ड टू ट्वेल्व्ह रुपीज' म्हणजे वाढून १२ रुपये झाला. आता जीएसटीचेच पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यांवर १८ टक्के कर झाला. त्याआधी १,००० रुपयांवरच्या नगाला १२ टक्के होता. म्हणजे ३,००० रुपयांच्या शेरवानीचा कर १२ वरून १८ टक्के 'पर्यंत' गेला, ६ 'ने' वाढला; ३६० रुपयांच्या जागी ५४० रुपये झाले. 'टू' आणि 'बाय' यांची अदलाबदल झाली की सगळा हिशेब चुकतो.

कोणी म्हणेल, एवढ्याशा शब्दाचा कीस कशाला काढायचा? त्यांनी चेक न वटण्याचा कायदा पाहावा. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे कलम १३८ आपल्यापैकी बऱ्याच जणांना कडू अनुभवाने ठाऊक आहे. बँकेकडून चेक परत आल्याची माहिती मिळाल्यावर ३० दिवसांत नोटीस द्यायची, समोरच्याला नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस आणि त्यानेही भरले नाहीत तर पुढे एका महिन्यात कोर्टात फिर्याद. या कायद्यात मुदत सांगताना एके ठिकाणी 'फ्रॉम' आहे आणि इतर ठिकाणी 'ऑफ' आहे. मग वाद निघाला, 'ऑफ' असेल तेव्हा पहिला दिवस मोजायचा की सोडायचा? १९९९ साली सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल आले, साकेत इंडियाचा आणि बंगलोरच्या एक्झिम एड्स सिल्क एक्स्पोर्टर्सचा. दोन्हींचा मेळ बसेना. अखेर २०१३ साली इकॉन अँट्रीच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ठरविले की इथे दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पहिला दिवस सोडूनच मोजायचा. या दोन अक्षरी शब्दांचा निकाल लागायला चौदा वर्षे गेली. एका दिवसाने उशीर झाला की फिर्यादीला आधी त्या उशिराचे कारण कोर्टाला पटवावे लागते, पैशाची गोष्ट नंतर.

व्यवहाराचा कागद नीट लिहिणे ही आपल्यासाठी केवळ दुनियादारी नाही. सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणे लिहून ठेवण्याचा आणि लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहिण्याचा हुकूम आहे. ज्या कागदावर मुदत दोन तऱ्हांनी वाचता येते, तो लिहिला असूनही न लिहिल्यासारखाच. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आमच्या भागातली दुकाने पडली, हिशेबाच्या वह्या ढिगाऱ्यात गेल्या. त्या वेळी देणे-घेणे जबानीवर निभावले, कारण घेणारा आणि देणारा एकमेकांना पिढ्यान्पिढ्या ओळखत होते. आज माल सुरत, भिवंडी, इचलकरंजीहून येतो आणि समोरच्या माणसाचे तोंडही आपण पाहिलेले नसते. तिथे कागद बोलतो तेवढेच खरे.

आता मोबाईल भाषांतर करून देतो, मग शिकायचे कशाला, असे तरुण मुले म्हणतात. मोबाईलची मदत जरूर घ्यावी. पण आपण 'पर्यंत' लिहिले तर ते कोणते 'पर्यंत', हे त्याला अंदाजानेच ठरवावे लागते. आपल्या मनातली गोष्ट त्याला कशी कळणार?

आमचे मत असे की टू, फॉर, फ्रॉमच्या याद्या पाठ करून काही साधणार नाही. शाळेत आम्ही त्या पाठ केल्या आणि ईदचा माल गमावला. शब्द जोडीने शिकावा. 'पे' एकटा शिकू नये, 'पे टू' आणि 'पे फॉर' असाच शिकावा. जुनी बिले, पार्ट्यांची पत्रे, बँकेच्या आणि जीएसटीच्या नोटिसा हेच आपले पुस्तक. आठवड्याला पाच जोड्या वहीत लिहिल्या तरी वर्षाला अडीचशे होतात, आणि आपल्या धंद्याला तेवढ्या पुष्कळ झाल्या. मुले इंग्रजी शाळेत जात असतील तर रविवारी त्यांच्याकडून एक बिल वाचून घ्यावे. मुलाला विचारण्यात बापाचा कमीपणा नाही. उर्दू शाळांच्या शिक्षकांनीही वर्गात धड्याच्या जोडीला एखादे खरे चलन ठेवावे.

तोपर्यंत दोन गोष्टी सांभाळाव्यात. मुदत लिहिताना शेवटची तारीख आणि माल कुठे पोहोचायचा ते गाव, दोन्ही स्पष्ट लिहावे. भाव बदलल्याचे पत्र आले तर जुना भाव किती आणि नवा किती, हे आकड्यांत मागून घ्यावे. समोरच्याला मराठी किंवा हिंदी वाचता येत असेल तर त्याच भाषेत लिहावे, त्यात लाज कसली? मात्र इंग्रजी कागदावर सही करायची असेल तर त्यातला लहानातला लहान शब्दही विचारून घ्यावा. विचारायला दोन मिनिटे लागतात. न विचारल्याची किंमत आम्ही एका ईदला मोजली आहे.