विश्लेषण : ऊसतोड, घरकामगार महिलांनी छळाची तक्रार करायची कोणाकडे? ‘पॉश’ कायद्यातील स्थानिक समित्या कागदावरच का?

कामाच्या ठिकाणी होणारा महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीचा कायदा, म्हणजेच ‘पॉश’ कायदा, ९ डिसेंबर २०१३ रोजी लागू झाला. त्यानंतर तब्बल ११ वर्षांनी, ३ डिसेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना सांगावे लागले, की आधी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमा आणि मग स्थानिक समित्या स्थापन करा. कार्यालयांतील अंतर्गत समित्यांची चर्चा अधूनमधून होते. मात्र शेतात, वीटभट्टीवर किंवा दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्या महिलांसाठी असलेल्या स्थानिक समितीचे नावही अनेकींनी ऐकलेले नसते. ही समिती काय असते, ती कोणी नेमायची आणि ती कागदावरच का राहते, याचा हा आढावा.

कायद्याची सुरुवात कुठून झाली?

या कायद्याचे मूळ कुठल्याही काचेच्या कार्यालयात नाही, तर राजस्थानातील भटेरी या गावात आहे. भंवरीदेवी या राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून तुटपुंज्या मानधनावर काम करत होत्या. बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केल्यामुळे १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने बलात्काराच्या आरोपातून आरोपींची सुटका केली. सरकारचेच काम करताना हल्ला झालेल्या महिलेची जबाबदारी कोणाची, या प्रश्नावर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यातून १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वे आली आणि १६ वर्षांनी त्यांचे कायद्यात रूपांतर झाले. म्हणजे ज्या महिलेमुळे हा कायदा आला, ती गावपातळीवर काम करणारी मानधनी कार्यकर्ती होती. कायद्याचा लाभ मात्र तिच्यासारख्या महिलांपर्यंतच सर्वात कमी पोहोचला.

स्थानिक समिती कोणासाठी असते?

दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत मालकाने अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. पण जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात किंवा तक्रार थेट मालकाविरोधातच आहे, तिथे काय? त्यासाठी कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समितीची तरतूद केली. ती नेमण्याची जबाबदारी जिल्हा अधिकाऱ्याची. जिल्हाधिकारी, अपर किंवा उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याला सरकारने हे पद अधिसूचनेद्वारे द्यायचे असते.

समितीच्या अध्यक्षपदी सामाजिक क्षेत्रातील नामवंत महिला असावी लागते. तालुक्यात किंवा शहरात काम करणारी एक महिला आणि स्वयंसेवी संस्थांचे दोन प्रतिनिधी सदस्य असतात. समाजकल्याण किंवा महिला व बालविकास विभागाचा अधिकारी पदसिद्ध सदस्य असतो. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची. म्हणजे एकदा समिती नेमून भागत नाही, मुदत संपताच नवी नेमावी लागते.

चौकशीसाठी समितीला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. साक्षीदारांना बोलावता येते, कागदपत्रे मागवता येतात. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. दोषी व्यक्तीने भरपाई दिली नाही, तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. कागदावर ही समिती दुबळी नाही.

प्रत्यक्षात चित्र काय?

मार्था फॅरेल फाउंडेशन आणि ‘प्रिया’ या संस्थांनी माहिती अधिकारात देशातील ६५५ जिल्ह्यांकडे विचारणा केली होती. २०१८ मध्ये समोर आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार केवळ २९ टक्के जिल्ह्यांनी समिती नेमल्याचे कळवले, १५ टक्क्यांनी नेमली नसल्याचे सांगितले आणि ५६ टक्के जिल्ह्यांनी उत्तरच दिले नाही. ‘ह्यूमन राइट्स वॉच’च्या ऑक्टोबर २०२० मधील अहवालानेही असंघटित क्षेत्रातील महिलांसाठी ही यंत्रणा जवळपास अस्तित्वातच नसल्याकडे लक्ष वेधले.

संघटित क्षेत्रातही परिस्थिती फार वेगळी नव्हती. कुस्तीपटू महिला जंतरमंतरवर आंदोलन करत असतानाच, १२ मे २०२३ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एका वृत्तपत्राच्या पाहणीचा उल्लेख केला. तीत ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांमध्ये अंतर्गत समितीच नसल्याचे आढळले होते.

सर्वोच्च न्यायालयाचे आदेश काय?

डिसेंबर २०२४ मध्ये न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. एन. कोटिश्वर सिंह यांच्या खंडपीठाने थेट तारखाच ठरवून दिल्या. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमायचा आणि त्याने ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समिती स्थापन करायची. तालुका पातळीवर तक्रारी स्वीकारून समितीकडे पाठवणारे समन्वय अधिकारी नेमायचे, आस्थापनांमध्ये अंतर्गत समित्या आहेत का याची पाहणी करायची आणि केंद्राच्या ‘शी-बॉक्स’ संकेतस्थळावर माहिती उपलब्ध करायची, असेही निर्देश होते.

यातील एकही गोष्ट नवी नाही. जिल्हा अधिकारी, स्थानिक समिती, तालुक्यातील समन्वय अधिकारी हे सारे २०१३ च्या कायद्यातच आहे. संसदेने केलेला कायदा पाळण्यासाठी न्यायालयाला तारखा द्याव्या लागाव्यात, यातच प्रशासनाचे अपयश दिसते.

ऊसतोड महिलेपुढची अडचण काय?

महाराष्ट्रात या पोकळीचा अर्थ समजून घ्यायचा तर उसाच्या फडाकडे पाहावे लागेल. बीडसह मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दरवर्षी गाळप हंगामात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. हंगामभर मुक्काम फडाजवळच्या कोपीत, आडोसा आणि दिवा यांची वानवा. अशा स्थितीत छळ करणारा मुकादम असेल, तर काम सोडून जाणे म्हणजे अंगावर उचलीचे कर्ज घेऊन जाणे.

कायद्याची व्याख्या इथे खरे तर उदार आहे. कंत्राटदार किंवा मध्यस्थामार्फत आलेली, मुख्य मालकाला माहीत असो वा नसो, रोजंदारीवरची किंवा मानधनावरची महिलाही ‘कर्मचारी’ ठरते. पण टोळी मुकादमामार्फत येत असल्याने कारखाना हात झटकू शकतो. तक्रार मुकादमाविरोधातच असेल, तर स्थानिक समितीचाच मार्ग उरतो.

इथे दुसरा पेच येतो. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, कारण पटल्यास समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. हंगाम मात्र साधारण पाच-सहा महिन्यांचा. हंगामाच्या सुरुवातीला घडलेल्या प्रकाराची तक्रार गावी परतल्यावर करू म्हटले, तर मुदत संपलेली किंवा संपत आलेली असते. घटना एका जिल्ह्यात, घर दुसऱ्या जिल्ह्यात. ९० दिवसांच्या चौकशीसाठी मजुरी बुडवून शेकडो किलोमीटर जाणे कितीजणींना परवडेल?

घरकामगारांसाठी काय तरतूद?

दुसऱ्याचे घर हेही कायद्याने ‘कामाचे ठिकाण’ मानले आहे. मात्र घरकामगाराच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळले, तर समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. म्हणजे जिला पोलीस ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते म्हणून समितीचा पर्याय दिला, तिला समिती पुन्हा तिथेच पाठवते. कार्यालयातील महिलेला मिळणारी भरपाईची आणि विभागीय कारवाईची वाट तिच्यासाठी जवळपास बंदच राहते.

समिती असली की पुरते का?

नाही. १२ मे २०२३ चा निकाल गोवा विद्यापीठातील प्रकरणाचा होता. विद्यार्थिनींच्या तक्रारींवर तिथल्या समितीने २००९ मध्ये चौकशी केली आणि त्या आधारे विभागप्रमुखाला बडतर्फ करण्यात आले. पण समितीने घाई केली आणि बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. १४ वर्षांनी तक्रारदार पुन्हा सुरुवातीला आल्या. सदस्यांना प्रशिक्षण नसले, की त्याची किंमत तक्रारदारालाच मोजावी लागते.

जुलै २०२५ मध्ये ओडिशातील बालासोर येथे तर याहून भीषण घडले. विभागप्रमुखाविरोधात तक्रार करूनही दाद न मिळाल्याने एका विद्यार्थिनीने महाविद्यालयाच्या आवारात स्वतःला पेटवून घेतले. दोन दिवसांनी तिचा मृत्यू झाला. त्या महाविद्यालयात तक्रार समिती होती.

जबाबदारी कोणावरच का येत नाही?

याचे उत्तर कायद्याच्या रचनेत आहे. अंतर्गत समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्थानिक समिती न नेमणाऱ्या जिल्हा अधिकाऱ्याला मात्र कोणतीही शिक्षा नाही. न्यायालयाला या कायद्याखालील गुन्ह्याची दखलही पीडित महिलेच्या किंवा समितीने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या तक्रारीवरूनच घेता येते. म्हणजे जिथे समितीच नाही, तिथे दंडाची मागणी करण्याचे ओझेही पीडितेवरच पडते.

किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, याची नोंद ठेवणे कलम २३ नुसार सरकारवर बंधनकारक आहे. कायद्याचा प्रचार करणे हेही सरकारचेच काम. गुन्हा घडल्यावर कठोर शिक्षेच्या घोषणा होतात, नव्या कायद्यांची मागणी होते. पण असलेल्या कायद्यातले पहिले पाऊल एका अधिकाऱ्याच्या सहीचे असते आणि ती झाली नाही तर कोणालाच जाब विचारला जात नाही.

तक्रार कशी करता येते?

तक्रार लेखी द्यावी लागते, पण लिहिता येत नसेल तर ती लिहून देण्यास मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे. ती जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे चौकशी करून किंवा ‘शी-बॉक्स’वरून दाखल करता येते. तक्रारदाराचे नाव गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. समितीकडे तक्रार केली तरी पोलिसांत जाण्याचा हक्क कायम राहतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ नुसार लैंगिक छळ हा गुन्हा आहे.

पुढे काय?

न्यायालयाने दिलेली मुदत केव्हाच उलटली आहे. आता कसोटी समित्यांच्या यादीची नाही, त्यांच्या कामाची आहे. समितीचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीत, कारखान्याच्या गेटवर, वीटभट्टीवर लिहिलेला आहे का? स्थलांतरित महिलेची तक्रार तिच्या गावच्या तालुक्यात स्वीकारून पुढे पाठवली जाईल का? हंगामी कामगारांसाठी तक्रारीची मुदत वाढेल का? आणि समिती न नेमणाऱ्या अधिकाऱ्याला उत्तरदायी धरले जाईल का? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत भटेरीतून सुरू झालेला हा कायदा उसाच्या फडापर्यंत पोहोचला, असे म्हणता येणार नाही.