सुरतेतील कानबाई मराठी नाही काय?

नागपंचमीनंतरच्या रविवारी सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांत जावे. खानदेशी घरांत चौरंगावर नारळाची कानबाई बसलेली असते. तिला नथ, दागिने, साडी. घरातल्या माणसांच्या हिशेबाने मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट होतात, विखुरलेले भाऊबंद एका छपराखाली जेवतात, रात्र गाण्यांत सरते आणि सोमवारी बायका फुगड्या घालीत देवीला विसर्जनाला नेतात. गाणी अहिराणीत असतात. यंत्रमागावर बारा बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाने उधना-जळगाव लोहमार्गाने जे गाव सोबत आणले, ते हे.

आणि सीमेपलीकडील मराठीची चिंता वाहणारे आम्ही काय करतो? परप्रांतात ‘मराठी संस्कृतीचे दर्शन’ घडवायचे ठरले की फेटे, नऊवारी, लेझीम, ढोलताशे आणि शेवटी एखादी लावणी, एवढा संच पुण्या-मुंबईहून निघतो. लावणीशी माझे वैर नाही. पण ज्या प्रेक्षकांच्या स्वतःच्या घरी कानबाई, गुलाबाई आणि वहीगायन आहे, त्यांना दुसऱ्याचा पोशाख चढवून ‘हे तुमचे मराठीपण’ असे सांगणे हा उद्धटपणा आहे. त्यातून मुले एकच गोष्ट शिकतात: आजीची भाषा घरात ठेवायची, व्यासपीठावर आणायची नाही. घरात ठेवलेली भाषा तिसऱ्या पिढीत घरातूनही जाते. तिची जागा घ्यायला सुरतेत हिंदी आणि गुजराती दारातच उभ्या आहेत.

‘अहिराणी ही मराठी नव्हेच’ असा आक्षेप येतो. ग्रियर्सनने १९०७ साली भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खानदेशीला भिल्ली बोलींच्या शेजारी बसवले, मराठीच्या सातव्या खंडात नव्हे, हे खरे. २०११ च्या जनगणनेतही सुमारे १८.६ लाख खानदेशी भाषक मराठीपासून वेगळे मोजले गेले. वर्गीकरणाचा वाद विद्वानांनी खुशाल करावा. परंतु हीच माणसे पोरांना महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांत घालत आली, हे कोणत्या खंडात नोंदवायचे? आम्ही त्यांना अशुद्ध म्हणालो आणि जनगणनेने वेगळे मोजले. मग आकडा घटला म्हणून गळा काढण्याचा अधिकार आम्हांला कुठून आला?

बहिणाबाईंचेच पाहा. त्यांची लेवा बोलीतली ओवी १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली आणि अवघ्या महाराष्ट्राने ती आपली म्हटली. शेतात आणि जात्यावर गायली जात होती तेव्हा ती कमी मराठी होती काय? छापील पुस्तकाला आम्ही लवतो. डफ, फुगडी आणि नारळावरची नथ दिसली की तो ‘लोकांचा सण’ ठरतो. आज अहिराणी जिवंत ठेवण्याचे जे काम कानबाईची मिरवणूक आणि मोबाइलवर वाजणारी अहिराणी गाणी करीत आहेत, ते आमच्या एकाही ठरावाने केलेले नाही. (त्यांतली काही गाणी मला मुळीच आवडत नाहीत, तो प्रश्न वेगळा.)

येत्या २७ फेब्रुवारीला सुरतेत कोणी मराठी भाषा गौरव दिन साजरा करणार असेल, तर पहिला तास वहीगायनाला द्यावा आणि निवेदन अहिराणीत व्हावे. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना एखादा शब्द अडलाच, तर शेजारच्या खुर्चीवरील मागवाल्याची मुलगी तो सांगेल.