पांच टनांचा आंस

आगगाडीच्या इतिहासांतील टप्पे विचारले असतां सन १८२५ ची इंग्लंडांतील स्टॉक्टन-डार्लिंग्टनची गाडी आणि १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली आपली गाडी, हीं दोन उत्तरें मुलांस तोंडपाठ असतात. आमच्या परंड्याशेजारीं, बार्शीस, घडलेला टप्पा मात्र फारसा कोणी विचारीत नाहीं.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरानें सन १८९७ मध्यें बार्शीरोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीचा मार्ग सुरू केला. मोठ्या मार्गाची रुंदी साडेपांच फूट. त्यापुढें ही गाडी खेळण्यासारखी वाटे. परंतु तिच्यामागील विचार मोठा होता. हलके रूळ स्वस्त पडतात, पण अवजड गाडीखालीं ते टिकत नाहींत. म्हणून त्यानें नियम ठरविला कीं, इंजिन असो वा डबा, कोणत्याही एका आंसावर पांच टनांहून अधिक भार येऊं नये. भार नाकारावयाचा नाहीं. तो अधिक आंसांवर सारखा वांटावयाचा. त्याच्या पहिल्या इंजिनांसच सहा आंस व बारा चाकें होतीं. या नियमावर ती गाडी १९०६ मध्यें पंढरपुरास, १९११ मध्यें लातुरास व १९२७ मध्यें मिरजेस पोंचली.

परंड्यास ती आली नाहीं. भाराची गोष्ट मात्र परंडेकरांस नवी नव्हे. विजापूरची मुलूखमैदान तोफ पूर्वीं आमच्याच किल्ल्यांत होती. सुमारें ५५ टनांचें तें धूड सतराव्या शतकांत येथून नेतांना शेंकडों बैल व हत्तीही जुंपले होते, असें सांगतात. वर्गांत आम्ही हिशेब घालीत असूं: गाडीचें स्वतःचें वजन सोडल्यास, कॅलथ्रॉपच्या नियमानें या तोफेस आंस किती लागतील? उत्तर अकरा.

लहानपणीं आजीसमवेत आम्ही याच गाडीनें बार्शीहून पंढरीस गेलों. तिकिटें दादांनीं काढिलीं. आमचे हे थोरले बंधु तेव्हां एकवीस वर्षांचे होते. तीर्थरूप वारले होते, आणि नऊ माणसांच्या घरांत मिळवते तेवढे दादाच. धाकट्यांचीं शिक्षणें, बहिणींचीं लग्नें त्यांनींच केलीं. आम्हांस नोकरी लागल्यावरही 'दादा आहेतच' असें म्हणून आम्ही वर्षानुवर्षें स्वस्थ राहिलों. मुलांकडून अकरा आंसांचा हिशेब करवून घेणाऱ्या आम्हांस घरचा हिशेब सुचला नाहीं. साठी उलटण्यापूर्वींच दादा गेले.

सन १९५४ मध्यें ती रेल्वे सरकारनें घेतली. पुढें मार्ग रुंद झाला. २००८ मध्यें लातुराहून धाराशिवावरून कुर्डुवाडीपर्यंत मोठी गाडी सुरू झाली. अडीच फुटी रूळ गेले. त्यांचा धडा मात्र घराघरांत अजून शिकावयाचा आहे. एकत्र कुटुंबांत जो आंस कुरकुरत नाहीं, त्याच्यावरच भार टाकण्याची संवय असते. वाचकांनीं आज रात्रीं पंगत बसल्यावर एकवार मोजून पहावें: आपल्या घरीं आंस किती, आणि भार कितींवर आहे?