तेल गेलं, धुपाटणं आलं!

रविवार सकाळ, साडेनऊ. अख्खं पुणं मिसळीच्या रांगेत उभं असताना मी कुठे होते? पार्किंगमध्ये. अंगात कॉलेज फेस्टचा फाटका टी-शर्ट, हातात पाना आणि नाकावर काळा डाग. टोटल ग्लॅमर!

झालं असं, की आमच्याकडे २००५ ची मारुती ८०० आहे. बाबांनी आयुष्यातलं पहिलं कर्ज काढून घेतलेली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. हे मॉडेल १९८३ च्या डिसेंबरात आलं आणि २०१४ मध्ये बंद झालं, पण बाबांच्या लेखी ते अजून शोरूममध्येच उभं आहे. वीस वर्षं निमूट पळालेली ही गाडी गेले काही महिने मात्र ठिबकत होती. आधी खाली रुपयाएवढा डाग, मग पोळीएवढा. सिग्नलला थांबलं की जळक्या तेलाचा वास. आणि मागच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्या डागावरून घसरल्या. हाड वाचलं, पण सोसायटीची नोटीस आली : आठ दिवसांत बंदोबस्त करा, नाहीतर गाडी गेटबाहेर. त्यात रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण तोंडावर. त्यासाठी गाडी आरटीओत दाखवायची, म्हणजे ठिबकत नेऊन कसं चालेल?

एका गॅरेजवाल्याने बोनेटही न उघडता "इंजिन उतरवावं लागेल" म्हणून जो आकडा सांगितला, त्यात दुसरी जुनी गाडी आली असती. संध्याकाळी बाबा टीव्हीकडे बघत म्हणाले, "देऊन टाकू भंगारात."

टीव्ही बंद होता.

मग काय, आपण घेतलं मनावर. तुमच्याही घरी अशी एखादी म्हातारी गाडी असेल, तर पुढचं नीट वाचा.

पहिला धडा : डाग जिथे पडतो, तिथे लीक नसतं. तेल वरून ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं आणि भलतीकडूनच थेंब टाकतं. म्हणून आधी थंड इंजिन रॉकेलच्या फडक्याने पुसून लख्ख करा. ते पूर्ण वाळल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही, कारण रॉकेल आणि गरम मॅनिफोल्ड यांचं जमत नाही. मग संशयित जागांवर चक्क टाल्कम पावडर भुरभुरवा, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा (पट्टे आणि पंख्यापासून हात लांब!), बंद करा आणि टॉर्च मारा. पांढऱ्या पावडरीवर तपकिरी ओघळ जिथून सुरू होतो, तोच चोर. आमचा चोर अगदी वरती, टॅपेट कव्हरच्या कडेला सापडला. तिथून तेल खाली तापलेल्या एक्झॉस्टवर पडत होतं. वासाचं कोडं सुटलं. हे असंच सोडलं तर आग लागू शकते, हेही तेव्हाच कळलं.

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण. त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये रबरी पॅकिंग असतं. वर्षानुवर्षं तापून ते कडक होतं. दोष कुणाचाच नाही, रबराचं वय! नाना पेठेतल्या दुकानदार काकांनी गाडीचं वर्ष विचारलं आणि पॅकिंग काउंटरवर ठेवलं. चार मित्रांच्या पिझ्झापेक्षा स्वस्त!

एअर फिल्टरचा डबा काढला, प्लगच्या वायरींवर नंबर लिहिले, बोल्ट सोडले, कव्हर उचललं. जुनं पॅकिंग हातात खाकऱ्यासारखं मोडलं. त्याचे तुकडे आत पडू द्यायचे नाहीत. कडा घासायला स्क्रू-ड्रायव्हर नको, ओरखडा पडला की नवं लीक. माझं एक्स्पायर झालेलं एटीएम कार्ड शेवटी कामी आलं. नवं पॅकिंग खोबणीत नीट बसवलं आणि मी जोशात पाना पिळणार, इतक्यात मागून आवाज आला.

"अगं, बरणीचं झाकण आहे का ते? हळू."

बाबा. हातात चहाचे दोन कप.

मुद्दा बरोबर होता. जास्त पिळलं की पॅकिंग चेपतं, कव्हर वाकतं आणि लीक वाढतं. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून, आलटूनपालटून थोडं थोडं आवळायचं. सीलंट थापायचा मोहही आवरायचा. बाबांनी आणखी एक गोष्ट दाखवली : ब्रीदरचा पाइप. तो चोंदला की आतला दाब वाढतो आणि तेल प्रत्येक फटीतून बाहेर यायला बघतं. आमचा चिकट काळा झाला होता. साफ केला. डिपस्टिकवर तेल दोन खुणांच्या मध्ये आहे ना, तेही पाहिलं, कारण जास्त भरलेलं तेलही त्रासच देतं.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून तेल येत असेल तर मात्र हिरोगिरी नको. तिथलं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नका. आणि चालवताना तेलाचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करा.

पहिली काही मिनिटं धूर आला. मी घाबरले, बाबा नाही. सांडलेलं जुनं तेल जळत होतं, मग थांबलं. फरशीच्या डागावर लाकडाचा भुसा टाकून तेल शोषून घेतलं आणि साबणाच्या पाण्याने घासलं. काकूंनी स्वतः चप्पल घासून तपासणी केली. पास!

रात्री गाडीखाली पेपर अंथरला. सोमवारी सकाळी ऑफिसच्या घाईत खाली वाकून पाहिलं. दोनच थेंब, तेही डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला. बहुतेक तिथली ओ-रिंग.

वर जाऊन सांगितलं, तर बाबा फोनवर होते. भंगारवाल्याला म्हणत होते, "नाही हो, या रविवारी नाही जमणार. आम्हाला काम आहे."