आरोग्यचिंतन : उपवासाचे दिवस आणि रक्तदाबाची गोळी



चातुर्मास जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या मंडळींचे प्रश्न बदलतात. गेल्या पंधरवड्यात अकोल्यातील डाळीचे एक व्यापारी, वयाने माझ्याहून वडील, मुलाच्या आग्रहाखातर रक्तदाब मोजून घेण्यास आले. यंत्राने 178/104 दाखविले. त्यावर काकाजी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, यंत्र तपासून घ्या. आमच्या घरात कांदा-लसूण नाही, मद्य नाही, सूर्यास्तानंतर अन्न नाही. आणि मला तर काहीच होत नाही."

पहिल्या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. चौथीही खरी होती, आणि भय तिचेच आहे. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना वर्षानुवर्षे जाणवत नाही. रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे, डोळ्यांचा पडदा आणि हृदय मात्र त्या काळात झिजत राहतात.

शाकाहार आणि संयम असला की हा विकार शिवत नाही, ही समजूत आपल्या समाजात फार घट्ट आहे. तिला उत्तर आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातच मिळते. महात्मा गांधी 1936 पासून सेवाग्रामी राहिले. त्यांचा मिताहार, पायी चालणे आणि व्यसनांपासूनची दूरता सर्वश्रुत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियतकालिकाने 2019 मध्ये त्यांच्या आरोग्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात ऑक्टोबर 1937 मध्ये रक्तदाब 194/130 आणि 19 फेब्रुवारी 1940 रोजी 220/110 असल्याचे नमूद आहे. त्या दुसऱ्या दिवशी बापू शांतिनिकेतनात रवींद्रनाथांचा निरोप घेत होते. इतका दाब असूनही माणूस प्रवास करू शकतो, गाठीभेटी घेऊ शकतो. त्या काळी खात्रीच्या गोळ्या नव्हत्या. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील परिणाम 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वळले. आज त्याच वर्ध्यात परिस्थिती निराळी आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातील पहिल्या चार जिल्ह्यांत भंडारा, सातारा आणि सिंधुदुर्गासह वर्धा होते. त्याची पद्धत अगदी साधी आहे. जवळच्या केंद्रात मोजणी, ठरलेली गोळी विनामूल्य, आणि रुग्ण परतला नाही तर त्याची विचारपूस. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. गोळी लिहून देणे सोपे आहे. ती चालू राहणे अवघड.

आता स्वयंपाकघराकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीस दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमचाभराहून कमी, मीठ पुरे. आपल्याकडे तिथीला हिरवी भाजी वर्ज्य असते, चातुर्मासात अनेक घरी पालेभाजी बंद असते. तिची जागा कोण घेते? पापड, शेव, गाठिया, लोणचे, मेथांबा, मसाल्याचा खाकरा. पापडात मिठाखेरीज पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच असते. गाठियातल्या सोड्याचेही तेच. सैंधव 'चालते' असे मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की तेही मुख्यतः मीठच. मूग, मटकी, डाळ, ताजे दही अशा पदार्थांनी तिथीचे ताट भरता येते, आणि पापड रोजचा न राहता पाहुण्यांपुरता राहू शकतो. बाजारातले 'कमी सोडियमचे' मीठ मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णांनी, किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी, विचारल्यावाचून घेऊ नये. त्यात पोटॅशियम असते.

अमरावतीच्या एका परिचित घरातील काकींची हकीकत येथे सांगणे मला आवश्यक वाटते. त्यांनी अठ्ठाई केली आणि आठही दिवस गोळी बंद ठेवली. कोणास सांगितले नाही. पारणे थाटात झाले. प्रकृती उत्तम वाटत असल्याने गोळी पुन्हा सुरू केलीच नाही. तिसऱ्या आठवड्यात खाकरा लाटता लाटता उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. घरच्यांना वाटले, उपवासाने 'लो बीपी' झाला. त्यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजले, निजवून ठेवले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार टळली होती. मेंदूतील गुठळी विरघळविणाऱ्या औषधासाठी साडेचार तासांची मर्यादा असते. काकी आता बोलतात, पण पेढीच्या कागदावर सही त्यांना अजून जमत नाही.

तपाला माझा विरोध नाही. तो अधिकारही माझा नाही. दीर्घ उपवासात रक्तदाब पुष्कळदा आपोआप उतरतो, त्यामुळे नेहमीचा डोस काहींना अधिक होतो, विशेषतः लघवी वाढविणाऱ्या गोळीचा. उलट काही गोळ्या एकाएकी थांबविल्या तर दाब उसळतो. म्हणून कोणती गोळी चालू, कोणती अर्धी, कोणती बंद, हे उपवासाच्या आधी डॉक्टरांशी ठरवावे, आणि पारण्यानंतरची तारीखही तेव्हाच घ्यावी. चौविहार पाळणाऱ्यांना दिवसातून एकदाची गोळी बहुधा नवकारसीनंतर सकाळी घेता येते. पच्चक्खाणात समाधीसाठी औषधाचा आगार असतो. तो आपल्या बाबतीत कसा घ्यावा, हे महाराजसाहेबांना निःसंकोच विचारावे.

दाब 90/60 च्या खाली गेला आणि भोवळ, अशक्तपणा, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो खरा 'लो'. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडल्याने, किंवा प्रतिक्रमणात बराच वेळ बसून एकदम उठल्याने असे होते. आडवे करावे, पाय उंच ठेवावेत, शुद्धीवर असल्यास आणि नियमात बसत असल्यास पाणी द्यावे. परंतु तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, यांपैकी एकही दिसले तर तोंडात काही घालू नये, गाडी काढावी. छातीत दुखत असेल आणि दाब 180/120 च्या वर असेल, तरीही तेच.

काकाजींना मी घरचे यंत्र घ्यावयास सांगितले. गादीवर मांडी घालून, एका कानाला फोन लावून मोजू नका, असेही बजावले. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे. घरी सरासरी 135/85 च्या वर राहिली तर तो दाब वाढलेलाच. आठवड्याने ते आले ते रोकडवही घेऊनच. मागच्या पानावर वरचा आकडा 'जमा'त, खालचा 'नावे'त, तारीखवार लिहिलेला. सात दिवसांत एकही नोंद 160/95 च्या खाली नव्हती. पान माझ्यापुढे सरकवून त्यांनी विचारले, "पर्युषणाला अजून किती दिवस आहेत? गोळी आजपासून सुरू केली तर तेला करता येईल ना?"