पाहुणचार कुणाचा, पैसा कुणाचा?

कापसाचा आणि ज्वारीचा हिशेब सोडून आम्ही क्रिकेटच्या मैदानात का शिरलो, असे काही शेतकरी भाऊ विचारतील. मैदानात अकरा जण काय खेळतात याबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. आमचे बोलणे आहे ते प्रेक्षकांच्या खालच्या आणि वरच्या मजल्यांच्या मधोमध बांधलेल्या काचेच्या खोल्यांबद्दल. त्यांना बॉक्स म्हणतात. मुंबईच्या वानखेडे मैदानावर आहेत, नागपूरहून वर्ध्याकडे जाताना जामठ्याला लागणाऱ्या मैदानावरही आहेत. आत थंड हवा, सोफे, टीव्ही, जेवणाची मांडणी, आणि पुढे सज्जात दहा-वीस खुर्च्या. एका सामन्यासाठी किंवा अख्ख्या हंगामासाठी बॉक्स भाड्याने जातो. घेणारी बहुधा कंपनी असते. येणारे पाहुणे म्हणजे कंपनीचे मोठे गिऱ्हाईक, कर्ज मंजूर करणारा बँकेचा अधिकारी, एखादा साहेब, एखादा पुढारी.

श्रीमंताने महाग खुर्ची घेतली म्हणून पोट दुखणारे आम्ही नव्हेत. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने स्वतःच्या पैशाने लाखाची खुर्ची घ्यावी, वर बिर्याणी खावी. उघड्या बाजारात भाव ठरावा हेच तर आम्ही वर्षानुवर्षे मागत आलो. आमचे भांडण आहे ते ज्या खुर्चीवर बसणारा एक पैसाही देत नाही त्या खुर्चीशी.

पाहुणचार आम्हाला कुणी शिकवायला नको. पौषात हुरड्याला चार माणसे बोलवायची, आगटी पेटवायची, कणसे भाजून हातावर मळून पुढे करायची, सोबत गूळ आणि चटणी. ज्वारी आमची, रान आमचे, गोवऱ्या आमच्या. पाहुणा कुणाचे खातो आहे हे त्यालाही माहीत आणि आम्हालाही. दुसरा पाहुणचारही आम्ही केलेला आहे. गाडी घेऊन खरेदी केंद्रावर दोन दिवस रांगेत उभे राहायचे आणि ग्रेडरसाहेबांना चहा, नाश्ता, पान विचारायचे. माल एक नंबरचा असताना दोनात टाकू नये, एवढ्यासाठी. त्या चहाला आम्ही कधी प्रेमाचा चहा म्हटले नाही. काचेच्या खोलीतला चहा हा असाच दुसऱ्या जातीचा आहे. फरक एवढाच की आमचा चहा आमच्या खिशातून जात होता.

कंपनीचा कुणाच्या खिशातून जातो, ते पाहा. बॉक्सचे भाडे आणि जेवणावळ धंद्याचा खर्च म्हणून वहीत लिहिली जाते. नफ्यातून तेवढी रक्कम वजा होते आणि उरलेल्यावर आयकर लागतो. म्हणजे शंभर रुपयांच्या पाहुणचारात साधारण पंचवीस रुपये सरकारी तिजोरीचे. बाकीचे मालाच्या किमतीत येतात, औषधाच्या बाटलीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत. पूर्वी करमणुकीचा खर्च किती वजा करता येईल याला कायद्यात मर्यादा होती. १९९७ च्या वित्त कायद्याने ती उठवली. २००५ साली फ्रिंज बेनिफिट टॅक्स आला, त्यात करमणूक आणि पाहुणचार ही कलमे नावानिशी होती. २००९ साली तोही गेला. कृषिमूल्य आयोग आमच्या कापसाचा उत्पादनखर्च काढतो तेव्हा बियाणे, मजुरी, बैलजोडी असे रकाने असतात. ग्रेडरच्या चहाचा रकाना आम्ही अजून पाहिलेला नाही.

आणि जो पोरगा स्वतःच्या पैशाने आयपीएलचे तिकीट काढतो, त्याला सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. हजाराच्या मूळ तिकिटावर चारशे रुपये. वर एसटीचे भाडे वेगळे.

मैदानावरच्या खुर्च्यांचे हे राजकारण आजचे नाही. वानखेडे मैदान मुळात खुर्च्यांच्या भांडणातून उभे राहिले आहे. आधी मुंबईतले कसोटी सामने ब्रेबॉर्न मैदानावर होत. ते मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या श्रीमंतांच्या क्लबचे. सामन्याच्या वेळी मुंबई क्रिकेट असोसिएशनला किती जागा द्यायच्या यावरून दोघांत कायमची धुसफूस. असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे, आपल्या नागपूरकडचे, विधानसभेचे सभापती. त्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे मैदानच बांधले, तेही वर्ष-सव्वा वर्षात. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉईडचे द्विशतक झाले तेव्हा एक तरुण प्रेक्षक अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला बडवला आणि स्टेडियममध्ये दंगल झाली. नव्या मैदानातली फुकट खुर्ची कुणाची आणि दांडका कुणाचा, ते पहिल्याच सामन्यात ठरून गेले म्हणायचे.

पुढे २०११ च्या विश्वचषकासाठी हे मैदान नव्याने बांधले. पूर्वी सुमारे ४५ हजार माणसे बसत, नंतर ३३ हजार. २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्याला त्यातली सर्वसामान्यांना विकायला काढलेली तिकिटे होती सुमारे ४ हजार. बाकीची असोसिएशनचे क्लब, आयसीसी, क्रिकेट मंडळ, प्रायोजक यांच्या कोट्यात गेली. कोटा हा शब्द कापूसवाल्याला नवा नाही. त्याच हंगामात केंद्र सरकारने कापसाच्या निर्यातीवर ५५ लाख गाठींचा कोटा बसवला होता. त्या रात्री धोनीच्या हाती चषक देणारे आयसीसीचे अध्यक्ष शरद पवार हेच देशाचे कृषिमंत्री होते. मार्च २०१२ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा आपल्याला विचारले नाही अशी उघड तक्रार पवारांनी केली, हेही नमूद केले पाहिजे. पण कोट्याची रीत दोन्हीकडे एकच. बाहेर माल घ्यायला गिऱ्हाईक उभे आहे, आत मूठभर माणसे वाटप ठरवतात, आणि वाटपाची यादी कुणाला दिसत नाही. तिकीट उघड्या बाजारात विकले असते तर काळाबाजारही झाला नसता आणि मेहेरबानीही.

हे सगळे खाजगी मामले आहेत, तुम्हाला काय करायचे, असे कुणी म्हणेल. खाजगी कुठले? वानखेडेची जमीन राज्य सरकारची, पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. बंदोबस्ताला पोलीस सरकारचे. त्या बंदोबस्ताचा दर जून २०२३ मध्ये राज्य सरकारने खाली आणला. मुंबईतल्या टी-ट्वेंटी सामन्याला ७० लाख होते ते १० लाख केले, आणि ही सवलत २०११ पासून मागे जाऊन लागू केली. बारा वर्षे मागे जाऊन! आमच्या पंपाच्या वीजबिलाची थकबाकी अशी मागे जाऊन कमी करा म्हटले की शिस्तीचे व्याख्यान ऐकावे लागते.

कायदा नाही असेही नाही. आयएएस, आयपीएस अधिकाऱ्यांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत स्पष्ट लिहिले आहे की, ज्यांच्याशी सरकारी कामाचा संबंध येतो अशा व्यक्तीचा किंवा कंपनीचा उंची अथवा वारंवारचा पाहुणचार अधिकाऱ्याने टाळावा. थंड हवेच्या खोलीतला पाच तासांचा सामना आणि जेवण उंची नाही तर काय? ज्या इंग्रजांनी क्रिकेट आणले आणि लॉर्ड्सवर असले बॉक्स बांधले, त्यांच्याकडे खासदाराने तीनशे पौंडांवरचा पाहुणचार घेतला तर नोंदवहीत लिहावा लागतो, आणि ती वही कुणालाही वाचता येते. सामन्याला जायला तिथे बंदी नाही. कुणाच्या खर्चाने गेलो ते सांगावे लागते, एवढेच.

एवढेच आपणही मागावे. जिल्हा बैठकीत पुढील ठराव घ्यावा अशी आमची सूचना आहे. सरकारी जमिनीवर किंवा सवलतीच्या पोलीस बंदोबस्तात होणाऱ्या प्रत्येक सामन्यानंतर किती खुर्च्या विकल्या, किती फुकट वाटल्या आणि कुणाला, याची यादी महिन्याच्या आत जाहीर व्हावी. आमदार, खासदार आणि वर्ग एकचे अधिकारी यांनी कंपनीच्या बॉक्समध्ये पाहिलेला प्रत्येक सामना यजमानाच्या नावासह नोंदवावा. आणि कंपन्यांचा असला खर्च नफ्यातून वजा करण्याची सोय बंद व्हावी.

ठरावाची वाट न पाहता एक काम उद्याच करता येईल. जामठ्याच्या सामन्यांसाठी पोलिसांनी बंदोबस्ताचे किती बिल लावले, किती वसूल झाले आणि किती बाकी आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते. नागपूर आणि वर्धा जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी अर्ज टाकावेत आणि उत्तरे या पत्रकाकडे पाठवावीत. आली तशी छापू.